गोणपाटावरची साक्ष

स्पॅनिश भाषेत 'आर्पियेरा' म्हणजे गोणपाट. गहू, पीठ, बटाटे भरण्याच्या पोत्याचे जाडेभरडे कापड. दक्षिण अमेरिकेतील चिली या देशात मात्र हा शब्द आज एका कलाप्रकाराचे नाव म्हणून ओळखला जातो. पोत्याचा हातभर लांबीचा तुकडा घ्यायचा, जुन्या कपड्यांच्या चिंध्या कापून त्यावर बसवायच्या, सुईदोऱ्याने डोंगर, घरे, झाडे आणि माणसे उभी करायची व कडेने लोकरीची किनार विणून काम पुरे करायचे, अशी ही कला. आपल्याकडे गोधडी किंवा वाकळ शिवणाऱ्या बाईला त्यात फारसे नवल वाटणार नाही. कोणत्या लुगड्याचा तुकडा कोठे शोभेल हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. वाकळ पांघरण्यासाठी असते, आर्पियेरा भिंतीवर टांगण्यासाठी, एवढाच काय तो फरक.

परंतु १९७४ ते १९९० या काळात चिलीमधील गरीब स्त्रियांनी शिवलेल्या या कापडांनी जे काम केले, ते त्या देशातील वर्तमानपत्रांना, न्यायालयांना आणि बंद पाडलेल्या संसदेला करता आले नव्हते. लष्करी राजवटीत काय घडत आहे हे त्यांनी जगाला दाखवले आणि त्याच वेळी हजारो घरांतील चुली पेटत्या ठेवल्या. या कामाच्या पाठीशी सान्तियागो शहरातील ख्रिस्तसभा उभी होती. दानधर्म म्हणजे काय आणि साक्ष देणे म्हणजे काय, हे दोन प्रश्न आपण नेहमी वेगवेगळे विचारतो. चिलीतील स्त्रियांच्या बाबतीत ते वेगळे करता येत नाहीत. म्हणून हा इतिहास आपल्या कुटुंबांतून वाचला जावा असे वाटते.

पूर्वपीठिका

चिलीतील भरतकामाला या घटनांच्या आधीपासूनच एक परंपरा होती. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यावरील इस्ला नेग्रा हे गाव कवी पाब्लो नेरुदा यांच्या निवासामुळे जगाला माहीत झाले. त्याच गावातील कोळी व शेतकरी कुटुंबांतील स्त्रिया १९६० च्या दशकात रंगीत लोकरीने आपल्या गावाची दृश्ये भरू लागल्या. पुढे त्यांच्या कामाची राजधानीत प्रदर्शने झाली. १९७२ साली सान्तियागो येथे संयुक्त राष्ट्रसंघाची व्यापार व विकास परिषद भरली, तेव्हा परिषदेसाठी बांधलेल्या भव्य इमारतीत लावण्याकरिता या स्त्रियांनी एक मोठे भरतचित्र तयार केले. पुढच्याच वर्षी सत्तांतर झाले, लष्करी मंडळाने ती इमारत आपले मुख्यालय म्हणून ताब्यात घेतली आणि ते भरतचित्र नाहीसे झाले. ते पुन्हा सापडायला २०१९ साल उजाडावे लागले.

दुसरे नाव व्हिओलेता पार्रा यांचे. १९१७ साली जन्मलेल्या या गायिकेने खेडोपाडी फिरून चिलीची लोकगीते गोळा केली. काविळीच्या दुखण्याने कित्येक महिने अंथरुणाला खिळून राहण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी हाती सुई आणि लोकर घेतली व गोणपाटावर चित्रे भरायला सुरुवात केली. १९६४ साली पॅरिसमध्ये लूव्र राजवाड्याच्या एका भागात असलेल्या सजावटी कलांच्या संग्रहालयात त्यांच्या कामाचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. लॅटिन अमेरिकेतील कलावंताला तेथे मिळालेला असा तो पहिलाच मान होता. १९६७ साली त्यांनी या जगाचा निरोप घेतला. गरिबाघरच्या गोणपाटालाही मोठ्या दालनात स्थान मिळू शकते, हे त्यांनी आपल्या देशबांधवांना दाखवून दिले होते.

११ सप्टेंबर १९७३

त्या दिवशी जनरल ऑगुस्तो पिनोशे यांच्या नेतृत्वाखाली लष्कराने लोकनियुक्त राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचे सरकार उलथून टाकले. राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर विमानांतून बाँब टाकण्यात आले आणि आयेंदे यांचा तेथेच अंत झाला. संसद बरखास्त झाली, पक्षांवर बंदी आली, विरोधी वृत्तपत्रे बंद पडली. राजधानीतील राष्ट्रीय क्रीडांगण हजारो कैद्यांनी भरून गेले. पुढच्या वर्षी गुप्त पोलिसांची स्वतंत्र यंत्रणा रीतसर स्थापन झाली आणि अटकेची एक नवी तऱ्हा सुरू झाली. माणसाला घरातून, कारखान्यातून किंवा रस्त्यातून उचलून न्यायचे आणि नंतर असा कोणी माणूस आमच्याकडे नाहीच, असे सांगायचे.

ज्यांची माणसे अशी नेली गेली त्या स्त्रियांची स्थिती काय झाली असेल, याची कल्पना करावी. नवरा गेला म्हणावे तर प्रेत नाही. आहे म्हणावे तर पत्ता नाही. विधवा म्हणून काळे वस्त्र नेसता येत नाही, सवाष्ण म्हणून राहता येत नाही. पोलीस ठाणे, तुरुंग, इस्पितळ, शवागार, अशा फेऱ्या घालताना त्याच त्याच स्त्रिया एकमेकींना वारंवार भेटू लागल्या. त्या ओळखीतून बेपत्ता बंदिवानांच्या नातलगांची संघटना उभी राहिली.

या सगळ्यांना जाण्यासारखे एक दार उघडे होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये, म्हणजे सत्तांतराला महिना होतो न होतो तोच, सान्तियागोचे आर्चबिशप कार्डिनल राऊल सिल्वा एन्रिकेस यांच्या पुढाकाराने एक शांतता समिती स्थापन झाली. कॅथलिक साहाय्यक बिशप फेर्नान्दो आरिस्तिया आणि ल्युथरन बिशप हेल्मुट फ्रेन्झ तिचे प्रमुख होते. मेथॉडिस्ट आणि इतर प्रॉटेस्टंट पंथीय तिच्यात होते, तसा ज्यू समाजाचा धर्मगुरूही होता. समितीने वकील नेमले. बेपत्ता माणसांना कोर्टापुढे हजर करावे यासाठी हजारो अर्ज केले. न्यायालयांनी ते जवळजवळ सगळेच फेटाळले. तरीही प्रत्येक अर्जाची नक्कल जपून ठेवली गेली. पुढे त्या कागदांचे मोल जगाला कळणार होते.

सगळे ख्रिस्ती लोक एका बाजूला होते असे मात्र समजू नये. लष्कराने देश वाचवला असे मानणारी कॅथलिक कुटुंबे पुष्कळ होती आणि त्या मताचे धर्मगुरूही होते. स्वतः पिनोशे मिस्सेला जात असत. म्हणून कार्डिनलांचा निर्णय सोपा नव्हता. जे दार ठोठावत होते त्यांतले बहुतेक डाव्या पक्षांचे होते. काही तर देवाला न मानणारे होते. ख्रिस्तसभेने त्यांच्याकडे बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नाही.

सुई आणि चिंध्या

समितीच्या कामातच १९७४ साली आर्पियेराचा पहिला कार्यवर्ग सुरू झाला. वकील अर्ज करत होते, पण दाराशी बसलेल्या बायकांच्या हातांना काम नव्हते आणि घरात अन्न नव्हते. कोणाचा नवरा बेपत्ता, कोणाचा तुरुंगात, कोणाचा राजकीय मतांमुळे नोकरीवरून काढलेला. व्हालेन्तिना बॉन नावाच्या चित्रकर्तीने या स्त्रियांना चिंध्यांतून चित्रे जोडण्याचा मार्ग सुचवला. इस्ला नेग्राचे भरतकाम आणि पनामातील आदिवासी स्त्रियांचे 'मोला' हे कापडावर कापड शिवण्याचे काम तिच्या डोळ्यांसमोर होते.

सुरुवातीला कापड विकत घ्यायलाही पैसे नव्हते. बायकांनी स्वतःचे जुने झगे कापले, जुने स्वेटर उसवून लोकर काढली. काहींनी नेलेल्या माणसाच्या सदऱ्याचा तुकडा चित्रातल्या माणसाला नेसवला, काहींनी चित्रातल्या बाहुलीला स्वतःच्या डोक्याचे केस शिवले. चित्राच्या मागे आन्देस पर्वताची रांग बहुधा असायचीच, कारण ती पाहिली की हा देश कोणता हे सांगावे लागत नाही. वर पिवळाधमक सूर्य असायचा. कापडाच्या पाठीमागे पुष्कळदा एक छोटा खिसा शिवलेला असे आणि त्यात हाताने लिहिलेली चिठ्ठी: चित्रात काय घडते आहे, कोणाची वाट पाहिली जात आहे. समोर सही नसायची. नाव लिहिणे धोक्याचे होते.

१९७५ च्या अखेरीस पिनोशे यांनी कार्डिनलांवर दबाव आणून समिती बंद करायला लावली. बिशप फ्रेन्झ देशाबाहेर गेले असताना त्यांना परत येण्यास आधीच बंदी घालण्यात आली होती. कार्डिनल सिल्वा यांनी हुकूम मानला आणि समिती मिटवली. लगेच १ जानेवारी १९७६ पासून त्यांनी 'विकारिया दे ला सोलिदारिदाद', म्हणजे बंधुभाव-कार्याचा विभाग, स्थापन केला. ही स्वतंत्र समिती नसून आर्चडायोसिसचाच एक भाग होता. ती बंद करायची तर खुद्द ख्रिस्तसभेवर हात टाकावा लागला असता. तिचे कार्यालय कॅथेड्रलच्या भिंतीला लागून, शहराच्या मुख्य चौकात थाटण्यात आले.

विकारियाच्या आश्रयाने कार्यवर्ग वाढत गेले. शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांतून, धर्मग्रामांच्या सभागृहांतून आठवड्यातून एकदा वीसेक बायका जमत. आपसात विषय ठरत, घरी नेऊन काम पुरे केले जाई आणि तयार कापडे विकारियाकडे येत. शिवण ढिली असेल तर कापड परत जाई. एकीने किती कापडे द्यायची याला मर्यादा होती, पण जिच्या घरी अडचण अधिक तिला एखादे जास्त देण्याची मुभा होती. मिळालेल्या पैशांतून थोडा भाग सगळ्यांच्या अडीअडचणीसाठी वेगळा काढला जाई. दानधर्माच्या रांगेत उभे राहणाऱ्या बाईला येथे कारागिराची खुर्ची मिळाली. एकीचे दुःख ऐकताना दुसरीची सुई चालू राहायची, आणि पुष्कळजणींनी पुढे सांगितले आहे की त्या बैठकांनीच त्यांना वेडापासून वाचवले.

कापडावर काय दिसे?

बेपत्तांच्या नातलगांची कापडे वेगळी आणि वस्त्यांतील बेकार कुटुंबांतल्या स्त्रियांची वेगळी, असे ढोबळपणे म्हणता येते. पहिल्या गटात व्हिओलेता मोरालेस यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचा भाऊ न्यूटन याला १९७४ च्या ऑगस्टमध्ये नेले आणि तो परत आला नाही. इर्मा म्यूलर यांचा मुलगा होर्खे हा चित्रपटाचा छायाचित्रकार होता. 'चिलीची लढाई' या प्रसिद्ध माहितीपटाचे चित्रण त्याने केले होते. २९ नोव्हेंबर १९७४ रोजी तो आणि त्याची सोबतीण कार्मेन ब्वेनो यांना पकडण्यात आले. दोघांचाही पुढे पत्ता लागला नाही. मुलाने चित्रफितीवर देशाचा इतिहास टिपला आणि आईने तो गोणपाटावर टिपायला घेतला.

या स्त्रियांच्या कापडांवर जेवणाच्या मेजाभोवती एक खुर्ची रिकामी दिसते. छातीवर फोटो लावून 'ते कोठे आहेत?' असा फलक धरलेल्या बायका दिसतात. १८ एप्रिल १९७९ रोजी संघटनेच्या स्त्रियांनी बंद संसदेच्या लोखंडी दरवाजाला स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतले. तो प्रसंग अनेक कापडांवर आला आहे. 'क्वेका' हे चिलीचे जोडीने करायचे लोकनृत्य. १९७८ च्या महिलादिनी या स्त्रियांनी ते सार्वजनिक मंचावर जोडीदाराविना, एकटीने केले. पांढऱ्या पोलक्यात, हाती रुमाल घेऊन एकटी नाचणारी ती बाईही कापडावर आहे.

वस्त्यांतील स्त्रियांनी दुसरा इतिहास नोंदवला. १९७५ नंतर सरकारने अर्थव्यवस्थेला जे कठोर उपाय लागू केले त्यांत कारखाने बंद पडले आणि बेकारी बेसुमार वाढली. धर्मग्रामांनी मुलांसाठी अन्नछत्रे उघडली, शेजारणींनी एकत्र येऊन मोठ्या हंड्यात सामुदायिक स्वयंपाक सुरू केला. एका नळावर लागलेली रांग, चोरून घेतलेली विजेची तार, दारावर 'कामगार नको' अशी पाटी लावलेला कारखाना, कागद-पुठ्ठा वेचणारी मुले, हे सगळे लाल, निळ्या, पिवळ्या चिंध्यांत उतरले. दुरून पाहावे तर जत्रेचे चित्र वाटावे, आणि जवळ जाऊन पाहावे तर काळजात चर्र व्हावे. कदाचित या रंगांमुळेच कित्येक कापडे सुखरूप बाहेर पडली असतील. बायकांच्या शिवणकामाकडे पोलिसांनी प्रथम गांभीर्याने पाहिलेच नाही.

लोनकेनचे चुनाभट्टे

नोव्हेंबर १९७८ मध्ये एका वृद्धाने एका धर्मगुरूला विश्वासाने काही सांगितले. राजधानीजवळ लोनकेन येथे चुन्याच्या जुन्या भट्ट्या होत्या, त्यांत माणसांचे सांगाडे होते. ३० नोव्हेंबर रोजी विकारियाने वकील, पत्रकार व साहाय्यक बिशप एन्रिके आल्व्हेआर यांचे एक पथक तेथे नेऊन खात्री केली आणि प्रकरण न्यायालयापुढे मांडले. ते सांगाडे १५ पुरुषांचे होते. जवळच्या इस्ला दे माइपो गावातून ७ ऑक्टोबर १९७३ रोजी त्यांना पकडून नेले होते. त्यांत एकाच घरातील बाप आणि चार मुलगे होते. बेपत्ता म्हणून ज्यांच्या अस्तित्वाबद्दलच शंका घेतली जात होती ती माणसे मारून लपवली गेली आहेत, याचा हा पहिला उघड पुरावा होता. बेपत्तांच्या सगळ्या बायकांना त्या दिवशी आपल्या प्रश्नाचे उत्तर काय असणार हे कळून चुकले.

सप्टेंबर १९७९ मध्ये अवशेष नातलगांच्या हवाली होणार असे ठरले. सान्तियागोतील एका चर्चमध्ये मिस्सेची तयारी झाली, माणसे शवपेट्यांची वाट पाहत बसली. पेट्या आल्याच नाहीत. अधिकाऱ्यांनी ते अवशेष परस्पर गावच्या दफनभूमीत सामायिक खड्ड्यात पुरून टाकले होते. पुढच्या वर्षी भट्ट्याही सुरुंगाने उडवल्या गेल्या. पण तोवर त्या भट्ट्या आर्पियेरांवर उमटल्या होत्या: काळ्या कमानी, समोर फुले घेऊन आलेल्या बायका आणि वर तोच सूर्य. ओळख पटवून त्या मृतांना ख्रिस्ती रीतीने मूठमाती मिळायला २०१० साल उजाडले.

प्रदर्शने आणि बाजार

देशात ही कापडे उघडपणे विकता येत नव्हती. सान्तियागोमध्ये पाउलिना वॉ यांच्या कलादालनात आर्पियेरा ठेवल्या गेल्या होत्या. जानेवारी १९७७ मध्ये ते दालन बाँब टाकून जाळण्यात आले. राजवटीला अनुकूल वृत्तपत्रांनी या कापडांवर देशाची बदनामी केल्याचा ठपका ठेवला. दुसरीकडे पिनोशे यांच्या पत्नीच्या अध्यक्षतेखाली चालणाऱ्या मातृकेंद्रांतूनही आर्पियेरा बनवल्या जाऊ लागल्या. त्यांत हसरी खेडी, भरलेली शेते आणि फुले असत. सुईच्या भीतीने सत्तेनेही सुई हाती घेतली होती.

खरी वाट परदेशाची होती. विकारिया कापडे विकत घेई आणि बाहेर पाठवी. युरोप व उत्तर अमेरिकेत चिलीतून परागंदा झालेली कुटुंबे, चर्चची मंडळे, विद्यापीठांतील गट आणि मानवी हक्कांसाठी काम करणारे कार्यकर्ते त्यांची प्रदर्शने भरवीत. चर्चच्या सभागृहात दोऱ्यांवर कापडे टांगलेली, खाली मेजावर माहितीपत्रके, शेजारी चहा-कॉफी, असे त्यांचे साधे रूप असे. आपल्या धर्मग्रामांत महिला मंडळाची विक्री भरते तिची आठवण व्हावी. पण येथे कापड विकत घेणारा घरी गेल्यावर मागचा खिसा उघडत असे, चिठ्ठी वाचत असे, आणि एका अनोळखी देशातील अनोळखी बाईचा साक्षीदार होत असे. १९७८ साली संयुक्त राष्ट्रसंघाने विकारियाला मानवी हक्क पुरस्कार दिला आणि १९८६ साली स्पेनचा आस्तुरियास पुरस्कारही तिला मिळाला. त्या गौरवात या निनावी सुयांचाही वाटा होता.

यात अडचणीच्या गोष्टीही होत्या आणि त्या झाकून ठेवणे बरे नव्हे. दुःखाची विक्री होऊ शकते काय, हा प्रश्न त्या स्त्रियांनाही टोचत होता. भावाच्या अटकेचे चित्र पुन्हा पुन्हा शिवायचे, कारण त्याला मागणी आहे; हे पहिल्या कापडाला साक्ष असते, पन्नासाव्या कापडाला मजुरी होऊ शकते. कोणते विषय चालतील आणि कोणते नको हे विकारियाचे कार्यकर्ते सुचवीत, परदेशी ग्राहकही सुचवीत. वस्तीतील बाईला मुलाच्या बुटांसाठी पैसे हवे असत आणि तिच्या कापडाकडून जग मात्र प्रतिकाराची अपेक्षा करी. तरीही एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. भाकरीसाठी शिवलेले चित्र खोटे असते असे कोठे आहे? भूक हाच त्या बाईच्या आयुष्यातला सत्याचा भाग होता आणि तोच ती कापडावर मांडत होती. ख्रिस्तसभेने भाकरी आणि सत्य यांपैकी एक निवडायला तिला भाग पाडले नाही, यातच या कार्याचे मोठेपण आहे.

लोकशाही आली, नंतर काय?

५ ऑक्टोबर १९८८ च्या सार्वमतात जनतेने पिनोशे यांना नकार दिला आणि ११ मार्च १९९० रोजी त्यांनी अध्यक्षपद सोडले. कार्डिनल सिल्वा त्यापूर्वीच, १९८३ साली, निवृत्त झाले होते; १९९९ साली ते देवाघरी गेले. विकारियाने आपले काम पुरे झाले असे मानून १९९२ च्या अखेरीस दार बंद केले. मागे राहिले ते कागद: प्रत्येक अर्ज, प्रत्येक नकार, प्रत्येक आईचा जबाब. त्या दप्तरांवरूनच सत्यशोधन आयोगांना काम करता आले. चिलीतील मानवी हक्कांच्या अशा संग्रहांची २००३ साली युनेस्कोने जागतिक स्मृतिठेवा म्हणून नोंद केली, त्यांत विकारियाचाही संग्रह आहे.

परंतु ज्या स्त्रियांनी कापडे शिवली त्यांच्यासाठी हा काळ सुखाचा नव्हता. हुकूमशहा गेला तसे परदेशातील मंडळांचे लक्ष अन्य देशांकडे वळले. मागणी घटली, कार्यवर्ग एकामागून एक मिटले. जे राहिले त्यांनी पर्यटकांच्या आवडीप्रमाणे सुगीची, कोंबड्यांची, फळबागांची गोजिरवाणी चित्रे शिवायला घेतली. रिकाम्या खुर्चीचे गिऱ्हाईक संपले होते, खुर्ची मात्र रिकामीच होती. परोपकारालाही हंगाम असतो, ही गोष्ट या इतिहासातून कळते आणि ती मनाला लागते. संकटाच्या वर्षी धावून जाणारे हात संकट जुने झाल्यावर कोठे जातात, हा प्रश्न पूर, भूकंप किंवा दंगल यांच्यासाठी दुसरी वर्गणी गोळा करणाऱ्या प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःला विचारावा असा आहे.

कला मात्र थांबली नाही. १९८० च्या दशकातच ती पेरूमधील लिमा शहराच्या गरीब वस्त्यांत पोचली होती. चिलीत जन्मलेल्या रोबेर्ता बासिक यांनी उत्तर आयर्लंडमध्ये राहून अशा कापडांचा मोठा संग्रह उभा केला. २००८ साली डेरी येथे त्यांनी भरवलेल्या प्रदर्शनात चिलीच्या आर्पियेरा आयरिश स्त्रियांच्या गोधड्यांशेजारी टांगल्या गेल्या. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्या रक्तपाताने होरपळलेल्या त्या शहराला दूरच्या बायकांचे दुःख ओळखीचे वाटले असल्यास नवल नाही. ब्राझीलमध्ये २०१३ पासून धरणांमुळे विस्थापित झालेल्या स्त्रियांनी हीच रीत उचलली. बुडालेली घरे आणि नदी त्यांच्या कापडावर आली. सान्तियागो येथे जानेवारी २०१० मध्ये स्मृती व मानवी हक्क संग्रहालय सुरू झाले आणि एकेकाळी लपवून नेलेली कापडे आता शाळेतील मुले तेथे जाऊन पाहतात.

शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात रिस्पा नावाच्या एका आईची हकिकत आहे. ती शौल राजाची उपपत्नी. तिचे दोन मुलगे इतर पाच जणांबरोबर डोंगरावर मारले गेले आणि त्यांना मूठमातीही मिळाली नाही. रिस्पाने गोणपाट घेतला, खडकावर पसरला आणि सुगीच्या आरंभापासून पाऊस पडेपर्यंत ती तेथे बसून राहिली. दिवसा पाखरांना आणि रात्री श्वापदांना तिने त्या देहांजवळ येऊ दिले नाही. तिने भाषण केले नाही, शाप दिला नाही. ती फक्त तेथून हलली नाही. अखेर ही गोष्ट दावीद राजाच्या कानी गेली आणि त्याने त्या सर्वांच्या अस्थी गोळा करवून त्यांना सन्मानाने पुरले.

चिलीच्या सरकारी नोंदीप्रमाणे अशा रीतीने नाहीसे केलेल्या माणसांची संख्या १,४६९ आहे. ३० ऑगस्ट २०२३ रोजी, सत्तांतराला पन्नास वर्षे पुरी होत असताना, शासनाने त्यांच्या शोधाची राष्ट्रीय योजना जाहीर केली. तोपर्यंत त्यांपैकी फक्त ३०७ जणांचे अवशेष सापडून ओळख पटली होती. बाकीच्यांच्या कित्येक आया, बहिणी आणि पत्नी वाट पाहतच वारल्या. त्यांनी शिवलेले गोणपाट मात्र अजून टांगलेले आहेत.